'टेक्निक वाचलं का?' : आमच्या ऑडिटर मॅडमना अनावृत पत्र

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या आरोग्यविम्याच्या क्लेमसाठी पचनमार्गाच्या एक्स-रे तपासण्या कोड करताना (म्हणजे प्रत्येक तपासणीला बिलासाठी ठरलेला आकडा लावताना) ऑडिट शीटच्या शेऱ्यात तुमचा एकच प्रश्न असायचा : 'टेक्निक वाचलं का?' हे पत्र त्या तीन शब्दांचे आभार मानायला आहे.

रिपोर्टचा मथळा बहुतेक वेळा अपॉइंटमेंटच्या ऑर्डरमधून जसाच्या तसा येतो. डॉक्टरांनी टेबलापाशी काय केलं ते 'टेक्निक'खालच्या चार ओळींत असतं, आणि कोड तिथे ठरतो. कॉन्ट्रास्ट म्हणजे एक्स-रेत अवयव उठून दिसावा म्हणून देतात ते द्रव्य, जसं बेरियम. अन्ननलिका सिंगल कॉन्ट्रास्टने पाहिली तर ७४२२०, डबलने पाहिली तर ७४२२१. अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) मिळून अप्पर जीआय केलं तर सिंगलला ७४२४०, डबलला ७४२४६. मोठ्या आतड्याचा एनिमा (गुदमार्गाने बेरियम भरून तपासणी) असेल तर सिंगलला ७४२७०, डबलला ७४२८०. एवढं कुणीही पाठ करतं. घोळ होतो तो 'डबल' या शब्दापाशी.

तुमचा नमुना रिपोर्ट नव्या कोडरला आम्ही अजूनही पहिल्याच दिवशी देतो : 'रुग्णाला आधी घट्ट आणि नंतर पातळ बेरियम पाजलं. १३ मिलिमीटरची बेरियमची गोळी न अडकता जठरात उतरली.' नवखा माणूस घट्ट एक, पातळ दोन असं मोजतो आणि ७४२२१ लावून मोकळा होतो. पण दुसरा कॉन्ट्रास्ट म्हणजे दुसरं बेरियम नव्हे, वायू. आधी फसफसणारे दाणे गिळायला देतात, त्यातून सुटणारा वायू नळी फुगवतो, आणि साधारण २५० टक्के घनतेचं बेरियम आतल्या अस्तरावर पातळ थर धरतं. म्हणून बारीक व्रणही दिसतात. नमुन्यात वायूचं नाव नाही, म्हणजे उत्तर ७४२२०. गोळीचा वेगळा कोड नाही. शस्त्रक्रियेनंतर गळती शोधताना आधी पाण्यात विरघळणारं औषध आणि गळती न दिसल्यास मग बेरियम देतात, तेही सिंगलच. उलट वायूसह घट्ट बेरियम आणि शेवटी पालथं झोपवून पातळ बेरियम, असे दोन्ही टप्पे झाले असतील तर एकटा ७४२२१. जोडीला ७४२२० नाही.

आणि वायू दिला होता, पण डॉक्टरांकडून रिपोर्टच्या डिक्टेशनमध्ये सांगायचा राहिला असेल तर? टेक्नॉलॉजिस्टच्या कागदावर 'क्रिस्टल्स' (तेच फसफसणारे दाणे) दिसले तरी त्यावर कोड द्यायचा नाही. चार्ट होल्डवर ठेवायचा, डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) टाकायची, ॲडेंडमची (रिपोर्टच्या पुरवणीची) वाट पाहायची. 'डबल कॉन्ट्रास्ट होता ना?' असं विचारणं म्हणजे डॉक्टरांच्या तोंडात उत्तर घालणं. 'कोणकोणता कॉन्ट्रास्ट दिला ते कृपया नोंदवावं,' एवढीच क्वेरी लिहायला तुम्ही शिकवलंत. टार्गेट चुकलं म्हणून होल्डवरचे चार्ट घाईने सोडायला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

स्काउट फिल्मचंही तसंच. तपासणीआधी मानेचा, छातीचा किंवा पोटाचा साधा एक्स-रे काढतात. १ जानेवारी २०२० पासून तो मूळ कोडच्या वर्णनातच आहे. त्यासाठी ७४०१८ किंवा ७१०४५ वेगळा लावला की सीओ-९७ डिनायल (विमा कंपनीचा नकार) ठरलेलं : ही सेवा दुसऱ्या सेवेत धरलेली आहे. ५९ मॉडिफायर (कोडला जोडायचा आकडा, 'ही सेवा वेगळी आहे' असं सांगणारा) चिकटवून ते सोडवायचं नसतं. वेगळी ऑर्डर, वेगळं कारण, वेगळी वेळ आणि वेगळा रिपोर्ट असेल तरच तो विचार. फ्लुरोस्कोपीचा (हलत्या एक्स-रे चित्राचा) ७६००० देखील सोबत जात नाही.

१ जानेवारी २०२० लाच ७४२४१, ७४२४५, ७४२४७, ७४२४९ आणि ७४२६० हे कोड बंद झाले. अप्पर जीआयनंतर बेरियमचा लहान आतड्यातून पाठलाग (फॉलो-थ्रू) केला तर आता ७४२४० किंवा ७४२४६ च्या जोडीला ७४२४८ ॲड-ऑन (मूळ कोडसोबतच जाणारा कोड) लागतो. तो एकटा गेला तर परत येतो. लहान आतड्याची सिंगल कॉन्ट्रास्टने स्वतंत्र तपासणी म्हणजे ७४२५०. इथे तुम्ही दाखवलेली खाच फार कामाची आहे. 'अर्ध्या तासाने एक फिल्म घेतली' हे फॉलो-थ्रू नव्हे. ती उशिराची फिल्म अप्पर जीआयमध्येच जमा. ७४२४८ साठी एकामागून एक अनेक फिल्म्स हव्यात. प्रत्येकीची वेळ आणि बेरियम इलियमच्या (लहान आतड्याच्या अखेरच्या भागाच्या) टोकापर्यंत कधी पोचलं हे लिहिलेलं असलं, की पुढे वादच होत नाही.

गिळण्याच्या क्रियेचा व्हिडिओ असेल तर ७४२३०. पातळ पाणी, दाट द्रव, पुडिंग, बिस्कीट असं काहीही गिळवलं तरी युनिट एकच. स्पीच थेरपिस्टचा ९२६११ त्याच तपासणीवर दिसला तर डुप्लिकेट समजून घाबरायचं नाही, ते त्यांचं स्वतंत्र काम आहे.

निदानाच्या कोडवर तुम्ही सर्वांत जास्त लाल शाई खर्च केलीत. बाह्यरुग्णाच्या रिपोर्टमध्ये 'शक्यता', 'संशय', 'सुसंगत' असे शब्द आले की ते निदान कोड होत नाही. डिस्फेजियासाठी (गिळायला त्रास होतो म्हणून) तपासणी झाली आणि सगळं नॉर्मल निघालं, तर त्या लक्षणाचाच कोड, आर१३.१०. त्यात डॉक्टरांनी अकॅलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा आजार) ठामपणे नोंदवला, तर के२२.०, आणि त्याचंच लक्षण असलेला डिस्फेजिया पुन्हा लावायचा नाही. ऑर्डरवर नुसतं 'रिफ्लक्स (जठरातलं आम्ल वर येणं) नाही ना ते पाहा' असेल आणि रिपोर्टही नॉर्मल असेल, तर रिफ्लक्स कोड करायचा नाही. ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांकडून लक्षण मागवायचं. चार्टमागे एक ई-मेल वाढतो, पण खोटा आजार कुणाच्या नोंदीत जात नाही.

मॉडिफायरबाबत थोडकंच. रुग्णालयाच्या मशीनवर झालेली तपासणी रेडिऑलॉजिस्टने वाचली, तर त्यांच्या क्लेमवर २६ (फक्त वाचनाचं बिल), आणि बाह्यरुग्ण असेल तर ठिकाणाचा कोड बहुधा २२. रुग्णालय आपल्या यूबी-०४ या बिलाच्या फॉर्मवर टीसी (फक्त मशीनच्या भागाचा मॉडिफायर) लावत नाही. मशीन आणि वाचन दोन्ही सेंटरचंच असेल तर मॉडिफायर नकोच. ढेकर देऊन वायू गेला आणि डॉक्टरांनी सिंगल कॉन्ट्रास्टचीच तपासणी पुरी केली, तर ७४२४६ ला ५२ (सेवा कमी झाली असं सांगणारा मॉडिफायर) जोडायचा नाही. जे झालं ते ७४२४०.

तुमच्या जुन्या शीटमध्ये दोन ओळी बदलल्या आहेत, मॅडम. बंद झालेले पाच कोड खोडले. बेरियम एनिमाने आतड्याच्या कर्करोगाची स्क्रीनिंग करण्याचं मेडिकेअरचं (अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याचं) कव्हरेज १ जानेवारी २०२५ पासून गेलं, म्हणून त्याचे जी-कोडही (जी अक्षराने सुरू होणारे कोड) काढले. शेऱ्याचा रकाना तसाच ठेवलाय.

आपले नम्र,
रेडिऑलॉजी कोडिंग टीम, पुणे