विषय: कॅमेरे केबलवरच हवेत, वाय-फाय क्लबहाउसपुरते

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
घणसोली, नवी मुंबई

स. न. वि. वि.

सोसायटीचे सगळे नेटवर्क, कॅमेऱ्यांसकट, वाय-फायवर नेण्याचा प्रस्ताव सभेपुढे येतो आहे. फोडाफोड टळते, नवा फोन किंवा टॅब मिनिटात जोडला जातो, हे खरेच. क्लबहाउस, ऑफिस आणि गेटवरचा टॅब यांना वाय-फायच सोयीचे. कॅमेऱ्यांना मात्र नको.

वाय-फायच्या एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलते, बाकीची थांबतात. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. घरोघरच्या राउटरची तिथे आधीच गर्दी, त्यात मायक्रोवेव्हचा अडथळा. 5 गिगाहर्ट्झला जागा भरपूर, वेगही जास्त, पण आरसीसी भिंत आणि लिफ्टचा शाफ्ट ओलांडताना सिग्नल पार ढेपाळतो. सिग्नल पुढे नेणारा रिपीटर लावला तर एकाच रेडिओवर तो ऐकतो आणि तेच पुन्हा पाठवतो, म्हणजे वेग साधारण निम्मा. शिवाय ‘वायरलेस’ कॅमेऱ्याला विजेची वायर लागतेच! मग एकच कॅट-6 नेटवर्क केबल टाकून पीओई (त्याच केबलमधून वीजही देणाऱ्या) स्विचवरून वीज आणि चित्र दोन्ही का नेऊ नये?

इथे खरी फसगत केबलमध्ये होते. स्वस्त केबलची तार ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध जास्त. लांब अंतरावर व्होल्टेज पडते. दिवसा कॅमेरा ठीक चालतो, रात्री इन्फ्रारेड दिवे लागून भार वाढला की रीस्टार्ट होत राहतो. दोष कॅमेऱ्यावर जातो, तो बदलला जातो, आणि तक्रार तशीच. तार ब्लेडने खरवडून पाहावी: आत चंदेरी दिसली तर खोके परत. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत 100 मीटरच्या आत राहावे. एका विंगमधून दुसरीत जाताना तांबे नको, फायबर हवे. पावसाळ्यात वीज कडाडली की तांब्याच्या केबलमधून लाट शिरून दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. स्विच आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) यूपीएसवर.

क्लबहाउसला छतावर ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे यंत्र), त्यालाही केबलच. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए3, जुने फोन अडले तर डब्ल्यूपीए2-एईएस, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडणी) बंद, पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे, जिथून कॅमेरे आणि ऑफिसचा संगणक दिसणार नाहीत. राउटरचा कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

कोटेशनमध्ये ‘शुद्ध तांब्याची कॅट-6’ आणि स्विचची एकूण पीओई क्षमता वॅटमध्ये लिहून घ्यावी, ही विनंती.

आपला,
सभासद, बी विंग