गिटारवरचं भजन : शिकागोहून आजोबांना

शिकागो

ती. आजोबा,
सप्रेम सलाम.

नाताळात चर्चमध्ये ड्रमसेट आणायचा तरुण संघाचा बेत तुम्ही हाणून पाडलात, असं पपा म्हणाले. फोनवर या विषयावर नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहिते आहे.

इथे जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानात मला लॅरी नॉर्मनचा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' हा १९७२ चा अल्बम मिळाला. कव्हरवर लांब सोनेरी केसांचा एक तरुण न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये डोक्यावर हात ठेवून उभा आहे. घरी येऊन लावला आणि ऐकतच बसले. हा तर येशूबद्दल गातोय! आणि वाजवणं अस्सल रॉक. बीटल्सची गाणी ज्यांनी ध्वनिमुद्रित केली त्या जॉर्ज मार्टिन यांच्या लंडनमधल्या एअर स्टुडिओत तो रेकॉर्ड झालाय.

त्यातल्या एका गाण्यात फक्त गिटार घेऊन तो स्वतःच्या देशाला जाब विचारतो. रशियाच्या आधी चंद्र गाठलात, पण त्यापायी लेकरं उपाशी ठेवलीत. मध्यरात्री काळ्या माणसाचा जीव घेता आणि जेवायला बसताना प्रार्थना म्हणता. आजोबा, मला थेट बायबलमधला, अन्यायावर तुटून पडणारा आमोस संदेष्टा आठवला. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ च्या यादीत हा अल्बम राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायला निवडला.

मग मी शोधतच सुटले. माझ्याच शहरातला रिझरेक्शन बँड सापडला. ग्लेन आणि वेंडी कायझर हे नवरा-बायको त्यात गायचे. ही मंडळी एका ख्रिस्ती वसाहतीत राहायची, सगळ्यांची मिळकत एकत्र. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय जसाच्या तसा. संगीत मात्र इतकं दणदणीत की तुम्ही कानांवर हात ठेवाल. पण १९७९ च्या अल्बममध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध गाणं गायलंय.

सगळंच आवडलं असं नाही. स्ट्रायपर हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या कपड्यांतला बँड मैफलीत लोकांमध्ये बायबलच्या 'नव्या करारा'च्या प्रती फेकायचा. गिटार जबरदस्त, शब्द मात्र मला घोषणांसारखे वाटतात. तुम्हाला कीथ ग्रीन आवडेल. तो पियानोवर गायचा. १९८० चा अल्बम त्यानं 'जमेल तेवढे पैसे द्या' म्हणून दिला. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यालाही मिळायचा. १९८२ साली विमान अपघातात तो दोन मुलांसह गेला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

या सगळ्यांना चर्चवाल्यांनी खूप बोल लावले. जिमी स्वॅगर्ट या टीव्हीवरच्या प्रचारकानं तर १९८७ मध्ये या संगीताविरुद्ध पुस्तकच काढलं. आक्षेप एकच, हा ताल सैतानाचा.

आता तुम्हीच सांगितलेलं तुम्हाला सांगते. आपल्याकडे इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं म्हणायची पद्धत होती, तेव्हा नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, टाळ-मृदंगाची भजनं, कीर्तनं आपलीशी केली. नगरातच ना! त्या काळीही कुणाला वाटलंच असेल, हे तर हिंदूंच्या देवळातलं, चर्चमध्ये कशाला? आज टिळकांच्या पदांशिवाय आपली उपासना होते का? लॅरी नॉर्मनसारख्या कॅलिफोर्नियातल्या हिप्पी पोरांना रॉकच येत होता. ज्या सुरात ते वाढले, त्याच सुरात त्यांनी देवाला हाक मारली.

ड्रम आणाच असा माझा हट्ट नाही. आपलं चर्च लहान, वर पत्रे; आवाज घुमेल आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण 'हे आपलं नाही' या कारणानं पोरांना परतवू नका. एकदा त्यांना पेटीजवळ बसवून घ्या, त्यांची गाणी ऐका.

पपांच्या मोबाइलवर कीथ ग्रीनची गाणी पाठवते आहे. आधी शांत, पियानोवरची ऐका, मग लॅरी नॉर्मन. रिझरेक्शन बँड मी सुट्टीत आल्यावर, मी शेजारी असताना.

आजीला आणि सगळ्यांना सलाम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची नात