अण्णांच्या नावची चिठ्ठी

मिरज, गुरुवार रात्र

प्रिय दिलीप,

अण्णांना हृदयाच्या नव्या गोळीच्या अभ्यासात घालायचं का, हे विचारायला तुझा फोन आला तेव्हा ओपीडीत गर्दी होती, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

"माझ्या बापावर प्रयोग करणार काय?" हा प्रश्न मला नवा नाही. मिरजेत सीमेपलीकडून पेशंट येतात, त्यामुळे कानडीतही ऐकलाय. पण तुझी खरी अडचण चिठ्ठीची आहे ना? चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार : अर्ध्यांना नवी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला कुठली हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. चांगलं औषध आहे तर सरळ द्या की, म्हणालास. अरे, चांगलं आहे की नाही हेच तर बघायचंय. अण्णांच्या आत्ताच्या गोळ्या दोन्हीकडे चालूच राहतात.

अमेरिकेतली गोष्ट सांगतो. अटॅकनंतर ठोके चुकणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं. एन्केनाइड, फ्लेकेनाइड ही ठोके नीट करणारी औषधं दिली की ईसीजीवर ते ठोके गायब व्हायचे. पट्टी स्वच्छ, डॉक्टर खूश, पेशंट खूश. बिनऔषधाच्या गोळीशी तुलना करणं हाच अन्याय, असं म्हणणारे निघाले. तरी 'कास्ट' नावाच्या अभ्यासात ती केली. १९९१ साली आकडे छापून आले : औषधवाल्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, बिनऔषधाच्या गोळीवाल्या ७४३ जणांत २६. ठोके सुधारले आणि माणसं गेली. चिठ्ठी टाकली नसती तर गेलेल्यांच्या नावावर "अटॅकच मोठा होता" एवढंच लागलं असतं.

उलटंही होतं. अण्णांच्या डबीतली अ‍ॅस्पिरिन घे. अटॅकच्या संशयाने दाखल झालेल्या १७,१८७ पेशंटांवरचा 'आयसिस-२' हा अभ्यास १९८८ चा. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने पाच आठवड्यांत दगावले ते अ‍ॅस्पिरिनविना ११.८ टक्के, अ‍ॅस्पिरिन घेऊन ९.४. हा फरक एकट्या डॉक्टरच्या नजरेत उभ्या जन्मात भरायचा नाही; त्याला हजारोच लागतात. त्यातली गंमत ऐक. पेशंटांचे बारीक गट पाडून आकडे द्या, असा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी चक्क राशीवार गट पाडून छापले. मिथुन आणि तूळवाल्यांना म्हणे अ‍ॅस्पिरिनचा उपयोगच नाही! गट फार चिरले की असलं काहीही निघतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. अण्णांची रास काहीही असो, गोळी चालू ठेवा.

आता कागद. संमतीपत्र मराठीत मागून घ्या, घरी न्या, दोन दिवस ठेवा. पेशंटांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर त्यात असतो. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांतच आहे. तो परिच्छेद स्वतः वाच. कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. आणि सही अण्णांची, तुझी नव्हे. ते शुद्धीवर आहेत, सातबारा वाचतात.

माझं मत? मला गोळीची नाही, बागेच्या छाटणीची काळजी आहे. ऑक्टोबरात ते बाग सोडून तासगावहून तपासणीला येतील का? तारखा चुकवणार असतील तर आत्ताच नको म्हणा, कुणी रागावणार नाही.

शनिवारी त्यांना घेऊन ये. फाईल आण, इकोचा जुना रिपोर्टही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सतीश