दिघा गाव उघडलंत, कळव्याचं काय?

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, हे डाव्या हाताने टाइप करतेय. चुका सांभाळून घ्या. आम्ही कळवेकर तुम्हाला इतकी वर्षं सांभाळूनच घेतोय.

सोमवारी गाडी बदलायला धावताना पुलाच्या जिन्यावर पडले. राहते कळव्यात, नोकरी नवी मुंबईत महापेला. म्हणजे आधी उलटं ठाण्याला जा, पूल चढून दहा नंबरचा फलाट गाठा आणि ट्रान्स हार्बरने, म्हणजे ठाणे-वाशी लोकलने, परत या. एकच खाडी रोज दोनदा ओलांडायची, तीही नुसती जाताना! दिवसाला चाळीस मिनिटं फुकट. ही लोकल २००४ साली सुरू झाली. वर्षाचे ३०० दिवस आणि वीस वर्षं धरली तर ४,००० तास, म्हणजे साडेपाच महिने. माझी बाळंतपणाची रजासुद्धा एवढी नव्हती.

हा वळसा वाचवणारा ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्ग २०१६ साली मंजूर झाला. ४७६ कोटींचा. दिघा गाव स्थानक हा त्याचा पहिला टप्पा. ते बांधून झालं आणि कित्येक महिने नुसतं उभं राहिलं. फलाट तयार, जिने तयार, गाडी काही थांबेना. कारण फीत कापायला तारीख मिळत नव्हती. ती मिळाली १२ जानेवारी २०२४ ला. त्याच दिवशी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचंही उद्घाटन झालं. समुद्र ओलांडलात, अभिनंदन! दिघ्याहून कळव्याला यायला मात्र रूळ नाहीत.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ ला खाडी ओलांडून कल्याणला पोचलीसुद्धा. साहेबाचं कौतुक नको, त्याला आपला माल न्यायचा होता. पण आमची किंमत मालाइतकीही नाही?

मार्गात येणाऱ्या झोपड्यांचं पुनर्वसन अडलंय, असं सांगता. मग द्या ना त्यांना घरं! टॉवरला जागा कशी रातोरात सापडते? गरिबाच्या घराची फाइल तेवढी टेबलावर झोपते. कर भरायचा आम्ही, फोटो तुमचे, आणि लोकलच्या दारात लटकायचं पुन्हा आम्हीच. निवडणूक आली की हाच मार्ग नव्या बॅनरवर. यात पक्षबिक्ष काही नाही, सगळे एका माळेचे मणी.

मागणी राहिलीच लिहायची. कळव्याहून थेट गाडी कधी, ती तारीख लेखी द्या. माझं प्लास्टर कधी निघणार ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय.

कळव्याची एक पासधारक