शेजारी आणि फ्रीझर

प्रिय सायली,

तुझ्या आग्रहाखातर ‘ग्रॅन टोरिनो’ हा सिनेमा पाहिला. आई अर्ध्यातून उठली, म्हणाली शिव्या फार. मी शेवटपर्यंत बसलो. खरं सांगायचं तर फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या त्या खडूस म्हाताऱ्या वॉल्टच्या गॅरेजने बसवलं! भिंतीभर टांगलेली ती हत्यारं बघून टूलरूमची सगळी वर्षं आठवली. डब्ल्यूडी-४० (गंजलेलं सोडवणारा तेलाचा फवारा), ग्रिप प्लायर आणि डक्ट टेपचं एक भेंडोळं एवढ्यावर घरातली निम्मी कामं होतात, असं तो शेजारच्या मोंग कुटुंबातल्या थाओ या पोराला सांगतो. शंभर टक्के मान्य.

आता तुझ्या शेजारच्या आजोबांबद्दल. तू ‘हॅलो’ म्हणालीस की ते मान फिरवतात आणि तुझ्याकडे चार गाड्या आल्या की ‘तुम्ही लोक’ म्हणून पुटपुटतात. तुला राग येतो, थोडी भीतीही वाटते. भीती उगीच आहे असं मी म्हणणार नाही. सिनेमाची मूळ गोष्ट मिनेसोटातली, पण चित्रीकरण झालं तुमच्या डेट्रॉइटकडे, हायलंड पार्क वगैरे भागात. फोर्डची सरकती असेंब्ली लाइन १९१३ मध्ये तिथेच सुरू झाली. आणि १९८२ साली व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला तिथेच बेसबॉलच्या बॅटने मारलं. जपानी गाड्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या, हा राग. मारणाऱ्यांपैकी एक क्रायस्लर या गाड्यांच्या कंपनीचा फोरमन. लग्न काही दिवसांवर आलेलं पोर ते. शिक्षा काय, तर तीन वर्षं प्रोबेशन (नुसती देखरेख) आणि तीन हजार डॉलर दंड. तुरुंग नाहीच. वॉल्टचा स्वतःचा मुलगा टोयोटा विकतो, यावर हसताना मला हे आठवत होतं.

त्या मोंग लोकांचं तर आणखी विचित्र. लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने लढले, १९७५ नंतर जीव मुठीत धरून पळाले, आणि कोरियात लढून आलेला हा माणूस त्यांना शत्रूच्याच नावाने हाका मारतो. त्याचं तोंड शेवटपर्यंत सुधारत नाही, हे मला आवडलं. फटकळ माणूस चार समोसे खाऊन गोडबोल्या होत नसतो.

मग बदलतं काय? तो फ्रीझरचा प्रसंग परत बघ. तळघरातून जुनं धूड वर काढायचंय. म्हातारा म्हणतो वरची बाजू मी धरणार. थाओ अडून बसतो: वरची बाजू मी, नाहीतर चाललो घरी. आणि वॉल्ट कुरकुरत का होईना, ऐकतो. ज्याने जड मशीन जिन्यावरून हलवलंय त्याला विचार, तिथे दुसऱ्याच्या हातावर विसंबणं म्हणजे काय ते. आमच्या शॉपमध्येही गावावरून, जातीवरून टोमणे चालायचे. पण तीन टनाची डाय (लोखंडी साचा) चेन-ब्लॉकवर, म्हणजे साखळीच्या कप्पीवर, लोंबकळत असली की सगळे एकमेकांच्या हाताकडे बघायचे.

शेवट मात्र मला खटकला. त्रास देणाऱ्या टोळीचं काय करायचं या निर्णयाच्या वेळी वॉल्ट थाओला तळघरात कोंडतो आणि सगळं मोठेपण म्हाताऱ्याच्या पदरात. ज्यांच्या घरावर त्या टोळीने गोळ्या झाडल्या, ज्यांच्या मुलीची ती दशा केली, त्यांना कुणी विचारलंच नाही की बाबांनो, तुम्हाला काय हवंय? थाओचं काम केलेल्या बी वँग या नटानेही पुढे या सिनेमातल्या वंशद्वेषी विनोदांवर जाहीर टीका केली. बरोबर केली.

तू थाओ होऊ नकोस, त्याची बहीण सू हो. ती वॉल्टला घाबरत नाही, त्याची खुशामतही करत नाही. आमच्यात डोक्याला हात लावत नाहीत, हे सरळ तोंडावर सांगते आणि वर जेवायला ओढून नेते. पण धमकी आली, कुणी अंगावर आलं, तर ते म्हातारपण वगैरे काही बघू नकोस, सरळ पोलिसांना फोन लाव.

बर्फ पडायच्या आत छताची पन्हळ साफ करायची आहे म्हणालीस ना? त्यांच्याकडे शिडी असणारच. माग. देताना तुला दोन शब्द सुनावतील, ते ऐकून घे, आणि शिडी धरायला त्यांनाच उभं कर. वर तू चढ, त्यांना चढू देऊ नकोस.

आई विचारतेय, भाजणी पोचली का?

तुझा,
बाबा