युरोपात भाड्यानं गाडी घेणाऱ्यांनी वाचा, बाकीच्यांनी पण वाचलं तर चालतंय

मंडळी, मे महिन्यात इटली-स्वित्झर्लंडला भाड्याची गाडी घेऊन फिरणार त्यांनी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आत्ताच काढून घ्या, बेळगाव आरटीओत नाहीतर लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर, फॉर्म ४ए भरायचा, पासपोर्ट जोडायचा. परमिट १ वर्षच चालतं आणि आपलं ओरिजनल लायसन्स सोबत पाहिजेच, खानापूर निपाणीवाल्यांनी शेवटच्या आठवड्यात फोन करू नका.

तिकडं गाडी उजवीकडून चालवायची. सर्कलला आपल्याकडच्या उलट दिशेनं वळायचं आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, बेळगावच्या चन्नम्मा सर्कलसारखं नाक घुसवायचं नाही बघा. इटलीत जुन्या गावभागात झेडटीएल (म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश) असा बोर्ड दिसला की आत शिरूच नका, परवानगी नसलेल्या गाडीचा नंबर कॅमेरा टिपतो, दंडाची नोटीस महिन्यांनी घरी येते आणि भाड्याची कंपनी आपला चार्ज वेगळा लावते ते निराळंच. हॉटेल आत असेल तर त्यांना आधीच नंबर कळवा.

स्वित्झर्लंडच्या हायवेला ४० फ्रँकचं व्हिनिएट, म्हणजे टोलचं स्टिकर, लागतं, इटलीतून गाडी घेतली तर आधी काचेवर बघा, नसेल तर बॉर्डरच्या आधी घ्या. झेब्रावर माणूस दिसला की थांबायचं, हॉर्न नाही.