कूलर बंद पडला त्या रात्रीचं

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

सुखरूप पोचलो. संत्रा बर्फी ऑफिसात एका दुपारीच संपली.

आता मुद्द्याचं. त्या रात्री लाईन गेली, कूलर थांबला आणि मला बाबांचा श्वास ऐकू आला. म्हणजे, येईना. आई, तू म्हणाली होतीस, "नव्या गोळीनं बरं वाटते यांना, शांत झोपून राहिले." मी मोबाइलवर वेळ लावली. २२ सेकंद छाती हलली नाही. मग दोन-तीन उथळ श्वास, एक मोठा, पुन्हा सामसूम. दहा सेकंदांच्या वर श्वास थांबला की डॉक्टर त्याची नोंद घेतात.

घोरणाऱ्यांचा श्वास थांबतो तेव्हा बहुधा घसा मिटतो, पण छाती धडपडत असते. बाबांची धडपडतही नव्हती. पाठीसाठीचं मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच सुस्त करतं; डोस वाढला की धोकाही वाढतो. त्यात झोपेसाठी रात्रीची अल्प्राझोलम! या जोडीवर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. एक गोळी पाठीच्या डॉक्टरांची, दुसरी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची. दोघांना एकमेकांचं माहीत तरी आहे का? सगळ्या पाकिटांचे फोटो आजच पाठव, नसांसाठीची प्रेगाबालिन पण. तीही झोपेत श्वास मंदावते.

बाबा, हे वाचून गोळ्या एकदम बंद करू नका. तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून लिहितो. मॉर्फिन अचानक सोडलं तर घाम, जुलाब, आणि पाठ दुप्पट ओरडेल. अल्प्राझोलम एकाएकी सोडली तर झटकेही येऊ शकतात. दोन्ही डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायच्या.

आधी एका रात्रीची झोपेची तपासणी, अंगाला वायरी लावून. धंतोलीत डॉक्टरांना काय तोटा! शेजारच्या काकांचं घोरण्यावरचं सीपॅप मशीन मात्र मागून आणू नका. ते घसा उघडा ठेवतं. पण श्वास घ्यायलाच विसरणाऱ्याला पुष्कळदा पुरत नाही. त्याला लागतं ते मशीन स्वतःहून श्वास देणारं. त्यातलं एक हृदय कमजोर असणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं, २०१५ च्या अभ्यासात त्यानं मृत्यू वाढले होते. म्हणून मशीनआधी हृदयाची इको तपासणी.

आई, तोवर बाबांना दारू अजिबात नको, लग्नातली "एक पेग"सुद्धा. रात्री हलवूनही उठले नाहीत किंवा ओठ निळे दिसले तर माझ्या फोनची वाट न पाहता १०८ लाव.

शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेसनं निघतो. शनिवारची वेळ घेऊन ठेवा.

तुमचा,
बाळू